राजा रत्नागिरीत, वीणा मंडालेत

आश्विनातली पौर्णिमा आली की आपल्याकडे गच्चीवर दूध आटते, त्यात चंद्र उतरतो आणि कोजागिरीच्या गप्पा उत्तररात्रीपर्यंत रंगतात. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरापलीकडे, ब्रह्मदेशात, पॅगोड्यांच्या पायऱ्यांवर आणि घरांच्या सज्जांवर दिव्यांच्या ओळी लागलेल्या असतात. तावतिंस स्वर्गात आपल्या मातेला धर्मोपदेश करून भगवान बुद्ध या पौर्णिमेला पृथ्वीवर परतले, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्या वाटेवर उजेड असावा म्हणून हे दिवे. या सणाला तिकडे 'थडिंजूट' म्हणतात. ब्रह्मी लोकांची ही दिवाळीच म्हणा ना!

या सणाची वाट लोक आणखी एका कारणासाठी पाहतात. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंचा वर्षावास चालतो. त्या काळात लग्नकार्ये नाहीत आणि नाचगाण्यांचे मोठे खेळही नाहीत. पौर्णिमा झाली की हा निर्बंध उठतो आणि 'प्वे'चा हंगाम सुरू होतो. प्वे हा मोठा सोयीचा शब्द आहे. जत्रा म्हणजे प्वे, नाटक म्हणजे प्वे, कठपुतळ्यांचा खेळ म्हणजेही प्वेच. रात्री सुरू व्हायचा आणि पहाटे संपायचा, एवढे मात्र ठरलेले. लोक चटया, उशा आणि लेकरेबाळे घेऊन येतात, मध्येच झोपतात, विनोद आला की उठून हसतात आणि पुन्हा पडतात.

कोकणातल्या वाचकाला हे वर्णन वाचून आपल्याच गावची आठवण झाली तर नवल नाही. नांदगावच्या तिठ्यावरून देवगडकडे वळा की सरळ कणकवलीकडे जा, या मुलखातले रिवाज सारखेच. चातुर्मास संपला, कार्तिक लागला की देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळी आपले पेटारे घेऊन गावोगाव निघतात. इकडेही खेळ रात्रीचा, आणि इकडेही मुले आईच्या मांडीवर झोपून राक्षस आला की जागी होतात.

पण जत्रेपेक्षा मला आज त्या जत्रेत वाजणाऱ्या वाद्यांबद्दल सांगायचे आहे. ब्रह्मदेशाच्या वाद्यांची गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तिचा एक धागा पुण्याजवळच्या लेण्यात आहे, दुसरा रत्नागिरीच्या टेकडीवर, आणि तिसरा आमच्या सिंधुदुर्गातल्या भजनाच्या फडात.

एक विलक्षण अदलाबदल

मराठी माणसाला मंडाले हे नाव ठाऊक आहे ते लोकमान्यांमुळे. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे टिळक तिथल्या तुरुंगात होते आणि तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. आता गंमत पाहा. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत बंदिवान होता, त्याच काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता!

हा राजा म्हणजे थिबा. ब्रह्मदेशाच्या कोनबाऊंग घराण्याचा हा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौजा आगबोटींतून इरावतीने वर चढल्या आणि पंधरवड्यात सारे आटोपले. २९ नोव्हेंबरला थिबाने राजवाडा सोडला. राणी सुपयालात आणि मुली यांच्यासह त्याला आधी रंगूनला, मग मद्रासला आणि अखेर १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. सत्तावन सालच्या बंडानंतर दिल्लीच्या बादशहाला इंग्रजांनी रंगूनला धाडले होते. बहादूरशहा १८६२ मध्ये तिथेच वारला. आता ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात आला. राजे इकडचे तिकडे करण्याची इंग्रजांची ही हातोटी मोठी अजब!

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो १९१० मध्ये बांधून झाला. तोवर राजाची चोवीस वर्षे दुसऱ्या बंगल्यांतून गेली होती, आणि नव्या वाड्यात त्याला राहायला मिळाली ती उणीपुरी सहा वर्षे. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. २०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी मुद्दाम रत्नागिरीला येऊन या समाधीवर फुले वाहिली.

राजा इकडे आला; पण त्याच्या दरबाराचे संगीत तिकडेच राहिले. ज्याच्या जिवावर गवई-बजवय्ये पोसले जात होते तो धनीच एका सकाळी नाहीसा झाला. अशा संगीताचे पुढे काय होते? आपल्याकडच्या किती तरी संस्थानांचा अनुभव असा, की राजाश्रय गेला आणि कला पोरकी झाली. ब्रह्मदेशात मात्र निराळे घडले. ते का, हे कळायला आधी त्या दरबारातल्या सर्वांत मानाच्या वाद्याची ओळख करून घेतली पाहिजे.

भाज्याच्या लेण्यातली वीणा

मळवली स्टेशनवर उतरून भाज्याची लेणी पाहायला जाणारी कुटुंबे पुष्कळ. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. त्यांतल्या एका विहाराच्या ओसरीत हत्तीवर बसलेल्या देवाचे मोठे शिल्प आहे. सगळ्यांचे लक्ष हत्तीकडे जाते. पण त्याच देखाव्यात खाली एक राजपुरुष बसला आहे, त्याच्यापुढे एक नर्तकी नाचते आहे आणि शेजारी कोणी तरी वाद्य वाजवीत आहे. ते वाद्य सतारीसारखे नाही, बीनसारखेही नाही. धनुष्यासारखी वाकलेली मान, खाली होडीसारखे पोट आणि मधे ताणलेल्या तारा. ही आपली प्राचीन वीणा. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांच्या 'चित्रा' आणि नऊ तारांच्या 'विपंची' या वीणा सांगितल्या आहेत. त्या याच जातीच्या होत्या असे जाणकार मानतात. सम्राट समुद्रगुप्ताची सोन्याची नाणी प्रसिद्ध आहेत. त्यांवर राजा मंचकावर बसून वीणा वाजवताना दिसतो, तीही अशीच धनुष्याकृती. दक्षिणेत तमिळ लोकांची 'याळ' तिचीच बहीण.

बौद्ध जातककथांत काशीच्या गुत्तिल नावाच्या वीणावादकाची गोष्ट आहे. त्याचा शिष्य मुसिल उन्मत्त झाला आणि गुरूलाच त्याने आव्हान दिले. म्हातारा गुरू घाबरला. तेव्हा इंद्राने येऊन त्याला सांगितले, 'वाजवताना एकेक तार तोडत जा, घाबरू नकोस.' भरसभेत गुत्तिलाने सातही तारा एकामागून एक तोडल्या, तरी वीणेच्या नुसत्या देहातून नाद घुमत राहिला. मुसिलाने गुरूचे पाहून तारा तोडल्या, आणि त्याचे वाद्य मात्र मुके झाले.

त्या कथेतली वीणा आपल्या देशातून मात्र खरोखरच मुकी झाली. पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस ती शिल्पांतून हळूहळू दिसेनाशी होते आणि तिच्या जागी दांडीची, पुढे पडद्यांची वीणा येते. कारण असे सांगतात, की आपल्या गायकाला मींड हवी, गमक हवी. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे, तर ते एकाच तारेवर बोट सरकवून साधते. धनुष्याकृती वीणेत प्रत्येक स्वराची तार वेगळी. ती मागे पडली. लक्षात घ्या, त्या वेळी आपल्याकडे राजे होते, दरबार होते, कलेला देणग्या होत्या. तरी वाद्य गेले ते गेलेच.

खैराच्या मुळाची मान

ब्रह्मदेशात हेच वाद्य आजही वाजते आहे. तिकडे त्याला 'सौंग गौक' म्हणतात. ते हिंदुस्थानातून धर्माबरोबर तिकडे गेले आणि फार पूर्वीच गेले. इसवी सन ८०१-८०२ मध्ये इरावतीच्या खोऱ्यातल्या प्यू राज्याने चीनच्या तांग बादशहाकडे ३५ वादक नजराणा म्हणून पाठवले होते. त्यांच्या वाद्यांची नोंद चिनी दप्तरात झाली आणि त्यांत ही वीणाही आहे.

सौंग पाहिली की आधी होडीच आठवते. पोट पडौक नावाच्या लाकडातून कोरून काढतात. पडौक म्हणजे आपल्या जंगलातल्या बिबळ्याच्या कुळातला वृक्ष. त्यावर हरणाचे कातडे ताणून बसवतात, त्याला लाल रोगण देतात आणि नाद मोकळा व्हावा म्हणून कातड्याला चार गोल भोके ठेवतात. सारी खुबी आहे ती मानेत. ही डौलदार वाकलेली मान लाकूड तापवून वळवलेली नसते. ती असते खैराच्या झाडाच्या मुळाची! जमिनीखाली नैसर्गिकरीत्याच हवी तशी वाकलेली मुळी शोधून काढायची आणि तिला घडवायची. आपल्याकडे खैर म्हटला की काताची आठवण होते, विडा रंगतो. तिकडे त्याच झाडाच्या मुळावर गाणे रंगते.

तारा पूर्वी रेशमाच्या असत, आता नायलॉनच्या असतात. त्या मानेला तांबड्या दोऱ्यांनी बांधलेल्या असतात आणि दोऱ्यांची टोके गोंड्यांसारखी लोंबतात. वादक मांडी घालून बसतो, वाद्य मांडीवर घेतो, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने छेडतो. डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख तारेला आतून लावले की स्वर चढतो. म्हणजे जी अडचण आपल्याकडे या वाद्याला भोवली, तिच्यावर ब्रह्मी वादकांनी नखाने तोड काढली!

गाणारी व्यक्ती जवळच बसते आणि तिच्या हातांत दोन चिमुकली वाद्ये असतात. एक 'सी', म्हणजे छोटीशी झांज. दुसरे 'वा', म्हणजे लाकडाची किंवा बांबूची चिपळी. सी किणकिणत मात्रा मोजते आणि वा ठोका देऊन वजन दाखवते. आपल्या गायकाला ठेका धरून देणारा वेगळा माणूस लागतो. तिकडे गाणारी आपला ताल आपल्याच हातात घेऊन बसते.

या वीणेची वाढही राजदरबारातच झाली. म्यावडी मिंजी ऊ सा हे १७६६ ते १८५३ या काळातले मोठे गृहस्थ. मंत्री, सेनानी, कवी आणि संगीतकार असे सर्व काही. सौंगच्या तारा सातांवरून तेरांवर नेण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते. चौदावी तार जोडली ती मंडालेच्या दरबारातले अखेरचे वीणावादक ऊ माऊंग माऊंग जी यांनी. त्यांना 'देव-ऐंदा' असा किताब होता. ज्या दरबारात ते वाजवीत, तो दरबार थिबाबरोबर संपला.

सोन्याच्या कोंडाळ्यातला राजा

सौंग हे घरातले, दिवाणखान्यातले वाद्य. चार हातांवर बसले तरच नीट ऐकू येईल. प्वेच्या मैदानात वाजते ते 'सैंग वैंग'. हा एक वाद्यांचा ताफाच आहे. सैंग म्हणजे टांगलेले, वैंग म्हणजे गोल. नावातच चित्र आले.

कोरीव लाकडाचे, सोनेरी मुलाम्याचे, आरशांच्या तुकड्यांनी चमकणारे कंबरभर उंचीचे एक गोल कोंडाळे असते. त्याच्या आतल्या अंगाला लहानमोठे २१ ढोल उभे टांगलेले. मधे वादक बसतो. सर्वांत मोठा ढोल खर्जात घुमतो, सर्वांत धाकटा टिपेला जातो, आणि वादक गिरक्या घेत दोन्ही हातांनी त्यांवर चक्क चाल वाजवतो. आपल्याकडे तबलातरंग ऐकलेल्यांना थोडी कल्पना येईल. पण तबलातरंग हे आपल्याकडे कौतुकाचे वाद्य. तिथे हा ढोलांचा घेर, 'पट वैंग', साऱ्या ताफ्याचा नायक असतो. इतरांनी त्याच्याकडे पाहून वाजवायचे.

आता सांगतो ती गोष्ट मला सर्वांत आवडते. हे ढोल स्वरात लावायचे कसे? शिजवलेला भात आणि लाकडाची राख एकत्र मळतात आणि त्याचा लगदा ढोलाच्या कातड्यावर थापतात. लगदा वाढवला की स्वर उतरतो, काढला की चढतो. खेळ चालू असताना चाल बदलली की वादक झटपट चिमूटभर इकडचे काढून तिकडे लावतो.

हे वाचून आमच्याकडच्या कोणाही भजनीबुवाला हसू फुटेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय त्याचे तरी कुठे चालते? भजन सुरू होण्यापूर्वी घरातून वाटीभर कणीक मागवायची, पाण्याचा हात लावून ती मळायची आणि थापटून थापटून खर्ज जुळवायचा, हे नांदगावपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही पाहायला मिळते. गंमत एवढीच, की कोकण सारा भाताचा मुलूख, तरी पखवाजाला कणीक लागते गव्हाचीच! ढोलाच्या तोंडाला लेप देऊन स्वर जुळवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. भरताने मातीचा लेप सांगितला आहे.

ताफ्यातली बाकीची मंडळीही ओळखून घेऊ. काशाच्या बुडबुड्यांसारख्या थाळ्यांचा असाच एक घेर असतो, तो 'क्यी वैंग'. तुतारीसारखे पसरट तोंड असलेली, ताडाच्या पानांच्या घड्यांची जीभ लावलेली 'ह्ने', ही आपल्या सनईची नातलग. आपली सनई गोड लाजते, ही मात्र खणखणीत भांडते. एक प्रचंड ढोल आडव्या तुळईला टांगलेला असतो, आणि ती तुळई कोरलेली असते 'पिंसरूप' नावाच्या अद्‌भुत प्राण्याच्या आकारात. शब्द ओळखलात का? पंचरूप! अनेक प्राण्यांचे अवयव एका देहात घेतलेला तो प्राणी. शिवाय झांजा आहेत आणि बांबूच्या चिपळ्या आहेत. सगळे एकदम सुरू झाले की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, हा कसला कल्लोळ! जरा कान स्थिर केला की कळते, की सगळे एकच चाल म्हणताहेत. फक्त प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे. मोठे एकत्र कुटुंब एकाच विषयावर बोलू लागले म्हणजे जसे व्हावे, तसे.

घरात शिकण्यासाठी 'पत्तला' असते. लाकडी होडीवर बांबूच्या २४ पट्ट्या टांगलेल्या, आणि त्यांवर दोन टिपऱ्यांनी वाजवायचे. आपल्याकडे गाणे शिकायला मूल पेटीवर बसवतात, तसे तिकडे पत्तलावर. परदेशी वाद्यांनाही या लोकांनी असेच घरचे करून घेतले. राजाच्या काळात तिकडे पियानो पोचला, आणि त्यांनी तो युरोपी पद्धतीने न वाजवता पत्तलासारखा वाजवायला सुरुवात केली. आपल्या संगीत नाटकाने पायपेटीचे केले, त्यातलाच हा प्रकार.

शेतात, देवळात आणि मुंजीत

हे झाले मांडवातले. पण ब्रह्मदेशाचे खरे लोकसंगीत शेतात आणि वाटेवर आहे. भाताची लावणी चालू असताना बांधावर 'बोंजी' नावाचा मोठा ढोल वाजतो. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या कमरेला त्या ठेक्याचा आधार होतो. आमच्याकडे ढोल नसतो, पण लावणीची गाणी असतात; चिखल तोच आणि कंबरही तशीच. 'ओझी' नावाचा एक लांब पायाचा ढोल आहे. तो खांद्याला अडकवून वादक स्वतःच नाचतो. नावाचा मराठी अर्थ त्यांना ठाऊक नाही म्हणून बरे! 'दोबात' हा दोन तोंडांचा लहान ढोल गळ्यात बांधून गावच्या मिरवणुकीत पुढे चालतो.

मिरवणूक कसली? बहुधा 'शिनब्यू'ची. प्रत्येक बौद्ध मुलाने थोडे दिवस तरी भिक्षू व्हावे अशी तिथली रीत आहे. त्या दिवशी मुलाला राजपुत्रासारखे सजवतात, घोड्यावर बसवून वाजतगाजत मठात नेतात आणि मग त्याचे डोके भादरून त्याला चीवर देतात. सिद्धार्थाने राज्य सोडले, त्याची ही आठवण. त्याच मांडवात मुलींचे कान टोचतात. आपल्याकडे मुंजीत बटूची भिक्षावळ निघे, तिला सनई-चौघडा लागे. तिकडे शिनब्यूला सैंग वैंग लागते. ऐपत कमी असेल तर ताफा लहान, पण वाद्याशिवाय कार्य नाही.

दुसरा आधार 'नात' देवतांचा. बुद्धधर्माच्या सावलीत ब्रह्मी लोकांनी आपली जुनी ग्रामदैवते सांभाळली आहेत. त्यांत ३७ मुख्य नात. बहुतेक जण अकाली, अन्यायाने मेलेली माणसे. म्हणून त्यांना मान द्यायचा, शांत ठेवायचे. त्यांच्या उत्सवात ज्याच्या अंगात संचार होतो तो सैंगच्या तालावर नाचतो, आणि प्रत्येक नाताची चाल ठरलेली असते. चाल चुकली तर नात येणार नाही. मालवणी मुलखातल्या वाचकाला अवसर आणि तरंगकाठ्या ठाऊक आहेत. ढोल थांबला तर अवसर उभा राहील का, हे त्याला वेगळे सांगायला नको.

राजा गेल्यावर

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. १८८५ मध्ये मंडालेचा दरबार मोडला. मग हे संगीत का मोडले नाही?

वाद्याला तीन आधार असतात असे मला वाटते. पैसे देणारा धनी हा पहिला. समाजात त्या वाद्यावाचून अडणारे एखादे काम हा दुसरा. आणि शिकवणारा-शिकणारा ही जोडी तिसरी. थिबा गेला आणि ब्रह्मी संगीताचा पहिला आधार एका दिवसात तुटला. पण दुसरा शाबूत होता. शिनब्यू थांबले नाही, नातांचे उत्सव थांबले नाहीत, पौर्णिमेनंतरचे प्वे थांबले नाहीत. सैंगवाल्याला काम उरले. दरबारी गाणे, नाच आणि नाटक बाहेर पडले आणि गावोगावच्या मांडवात शिरले. पो सेनसारख्या नटांनी नाच जमिनीवरून उचलून उंच रंगमंचावर नेला आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक हाच नवा राजा झाला.

सौंगला मांडवात जागा नव्हती. तिला तिसऱ्या आधाराने तारले. दरबारातली शेकडो गाणी 'महागीत' या नावाने मुखोद्‌गत होती. ज्याला ती यायची त्याने ती शिकवली. 'देव-ऐंदा' राजाच्या पश्चात पुष्कळ वर्षे जगले. त्यांनी आपली विद्या आपल्याबरोबर नेली नाही. पुढच्या पिढीत ऊ बा थान यांनी तारा सोळांवर नेल्या. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ती सरकारी संगीतशाळांतून आली. जिथे ती एके काळी वाजत असे तो मंडालेचा लाकडी राजवाडा १९४५ मध्ये महायुद्धात जळून गेला. आज तिथे दिसतो तो नंतर पुन्हा बांधलेला. २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने ते शहर पुन्हा हादरले, आणि त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यापासून सारा देशच होरपळतो आहे. दरबार गेला, वाडा गेला, सुखाचे दिवस गेले. वीणा आहे.

आणि आमच्याकडे? राजे होते, वाडे होते, वीणा गेली. अगदी नावनिशाणी गेली असे मात्र नाही. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात परधान नावाचे भाट आहेत. गोंडांच्या घरी जाऊन त्यांच्या कुळाच्या कथा गायच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्या हातातले 'बीनबाजा' हे वाद्य पाहा. पाच तारा, आणि वाकलेली मान. भाज्याच्या शिल्पातल्या वीणेची ही रानातली पणती! सम्राटांच्या महालातून जी गेली ती यजमानाच्या अंगणात टिकली, कारण तिथे तिला काम होते. आज तिचे वादक अगदी थोडे उरले आहेत, कारण ते काम आता आटत चालले आहे.

आपल्या अंगणात

हा हिशेब आपल्या किनाऱ्यालाही लावून पाहण्यासारखा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी सांगत आली. एकेक चित्र पुढे करायचे आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गायची. त्यांच्याकडे सुतांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्याही आहेत. ब्रह्मदेशात 'योकथे प्वे' नावाचा असाच खेळ असतो. त्यात साधारण २८ बाहुल्यांचा संच लागतो, साथीला सैंग वाजते, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी दरबाराने खास अधिकारी नेमला होता. पिंगुळीलाही सावंतवाडीच्या दरबाराचा आश्रय होता. तो गेला, आणि ही कला विझण्याच्या बेताला आली. तिला सावरले ते एका घराने, मुलांना बसवून शिकवून. त्या घरातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इथेही राजाचे काम शिष्याने केले.

घुमटाचे उदाहरण याच्या उलट बाजूने पाहा. मातीच्या मडक्याच्या तोंडाला घोरपडीचे कातडे ताणून ते करीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि ते योग्यच झाले. घुमट संपले का? नाही. कारीगरांनी बकऱ्याचे कातडे लावले. कारण गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या आमच्या गावांत गणपतीच्या आरतीला घुमट हवेच. ज्या वाद्यावाचून आरती अडते, त्याचे कातडे बदलेल, पण ते जाणार नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण तो मान मिळण्याआधी शेकडो वर्षे गणपतीपुढे ते रोजच्या कामावर हजर होते.

म्हणून एखादी कला मरते आहे अशी हाकाटी झाली की 'सरकार काय करते?' असे विचारण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारावेत. या वाद्याला आपल्या घरात, आपल्या कार्यात काही काम उरले आहे का? आणि ते शिकायला कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी बसते आहे? आपल्या मुंजीत आणि लग्नात ध्वनिमुद्रित सनई लावली की चार पैसे वाचतात, हे खरे. पण एका सनईवाल्याच्या हातातले एक कार्य जाते. अशी दहा गेली की तो मुलाला सांगतो, 'बाबा, दुसरे काही शिक.' वाद्याचा शेवट होतो तो त्या एका वाक्याने.

या कार्तिकात मुंबई-पुण्याची मंडळी जत्रेला गावी उतरतील. वाटेत रत्नागिरी लागली तर मुलांना थिबाचा वाडा दाखवा आणि इथल्या राजाची वीणा त्याच्या देशात अजून वाजते हे सांगा. पुढे गावच्या देवळात दशावतार असेल, तर पाठीमागच्या खुर्चीत बसू नका. थोडे लवकर जाऊन पखवाजवाल्याजवळ बसा. शंखासुर यायला अवकाश असतो. तेवढ्या वेळात तो कणकेचा गोळा मळेल, डाव्या तोंडावर थापेल, कान लावील, थोडी काढील, पुन्हा थापेल. तुमचा नातू विचारील, 'आजोबा, हे काय करताहेत?' तुम्ही उत्तर देऊ नका. पखवाजवाल्यालाच विचारू द्या. त्याला तो प्रश्न कोणी विचारल्याला कदाचित बरीच वर्षे झाली असतील.